परत काय मिळणार?

२०२५ च्या ऑगस्टमध्ये किंग्ज सर्कलच्या जीएसबी सेवा मंडळाने गणेशोत्सवासाठी ४७४ कोटी रुपयांहून अधिक रकमेचा विमा उतरवला. बातमी आली आणि ‘आता देवालाही विमा लागतो का?’ म्हणून विनोद फिरले. तपशिलात शिरायच्या भानगडीत फार कोणी पडले नाही. त्या रकमेतला मोठा वाटा देवाच्या सोन्याचांदीसाठी नव्हताच. तो होता स्वयंसेवक, पुजारी, आचारी अशा राबणाऱ्या माणसांच्या अपघातविम्यासाठी. दागिन्यांआधी माणूस, हा क्रम मंडळाने बरोबर लावला. त्याच महिन्यात राज्य सरकारने दहीहंडीच्या गोविंदांचा विमा उतरवला. थरावरून पडून मृत्यू आल्यास घरच्यांना १० लाख रुपये. ठाण्यातल्या हंड्यांची उंची पाहता हे करायलाच हवे होते. पण गोविंदा वर्षातून एकदा थरावर चढतो. त्याचा बाप रोज लोकलच्या दारात लटकतो. त्या बापाचा विमा किती, हे त्या घरात कोणाला माहीत असते?

वाचकहो, दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर हा विषय काहींना खटकेल. सणासुदीला अभद्र बोलू नये, असे आपल्याकडे मानतात. पण धनत्रयोदशीच्या संध्याकाळी कणकेचा दिवा दक्षिणेकडे ठेवून आपण यमालाच तर विनवतो की अकाली मरण नको. भीती आपल्याला ठाऊक आहे, तिच्यासाठी एक दिवाही राखून ठेवलेला आहे. राहिला आहे तो हिशेब.

१८५४ च्या मे महिन्यात रेल्वे ठाण्याहून कल्याणला पोहोचली. तेव्हापासून हळूहळू या शहराची कमाई रुळांवरून ये-जा करू लागली. ९ जून २०२५ रोजी दिवा आणि मुंब्रा यांच्यामधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींजवळून गेल्या आणि दारातले प्रवासी खाली फेकले गेले. त्या दिवशी चार जण गेले. अशा वेळी रेल्वे दावा न्यायाधिकरणाकडे भरपाई मागता येते. २०१७ पासून मृत्यूसाठी ती रक्कम ८ लाख रुपये आहे. त्यासाठी प्रवासी वैध तिकिटावर किंवा पासावर प्रवास करत होता, हे पुढे यावे लागते. रूळ ओलांडताना अपघात झाला तर ही भरपाई मिळत नाही. आरक्षित ई-तिकीट काढताना जो काही पैशांचा प्रवासविमा घेता येतो, तोही लोकलच्या पासावर नसतो. आणि आठ लाख मिळाले तरी ज्या घराचा खर्च महिना पस्तीस हजार आहे, तिथे ते दोन वर्षेही पुरत नाहीत.

मग आपल्याकडे विमा नाही का? आहे की! कल्याणात पारनाक्यापासून खडकपाड्यापर्यंत पॉलिसी नाही असे नोकरदार घर सापडणे अवघड. कपाटाच्या लॉकरमध्ये प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये बाँड असतात. एक पहिल्या नोकरीत कर वाचवायला मार्चच्या शेवटच्या आठवड्यात घेतलेला. एक शेजारच्या काकांनी एजन्सी घेतली तेव्हा त्यांचे मन मोडवेना म्हणून. एक मुलगी झाली तेव्हा, तिच्याच नावाने. प्रत्येक वेळी सही करण्याआधी एकच प्रश्न विचारलेला असतो: ‘परत काय मिळणार?’ सगळा घोळ या प्रश्नाने घातला आहे.

या प्रश्नाला इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी विमा कंपन्या हिंदी माणसाचा विमा उतरवताना जादा हप्ता घेत. १८७० मध्ये निघालेल्या बॉम्बे म्युच्युअलने तो भेद मोडून हिंदी माणसाला सर्वसाधारण दराने विमा दिला. पुढे कंपन्या उदंड झाल्या, काही बुडाल्या, काहींनी पॉलिसीधारकांचा पैसा भलतीकडे वळवला. १९ जानेवारी १९५६ रोजी सरकारने वटहुकूम काढून आयुर्विम्याचा कारभार हाती घेतला. तेव्हा अर्थमंत्री होते आपले चिंतामणराव देशमुख. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला आणि १ सप्टेंबरला आयुर्विमा महामंडळ उभे राहिले, तेव्हा ते मंत्रिमंडळात नव्हते. २४५ संस्था एका छत्राखाली आल्या. विम्याला विश्वास मिळाला आणि एजंट गावोगाव पोहोचला. पण त्या काळच्या मध्यमवर्गाला शिस्तीची बचत करायला दुसरे साधनही फारसे नव्हते. म्हणून विमा बचतीच्या वेष्टनात विकला गेला आणि वेष्टनच खरा माल आहे, असे आपण धरून चाललो. आज पीपीएफ आहे, म्युच्युअल फंड आहे, बँक खिशातल्या मोबाइलवर आली आहे. सवय मात्र जुनीच.

आकड्यांत पाहू. समजा, खडकपाड्याला वन बीएचके घेतलेले एक जोडपे आहे. नवरा ३५ वर्षांचा, मुलगी पाचची. कर्जाचा हप्ता आणि नवऱ्याचा स्वतःचा खर्च वगळून घराला महिना ३५ हजार लागतात, म्हणजे वर्षाला ४ लाख २० हजार. मुलगी कमावती व्हायला अठरा वर्षे धरली तर साडेपंचाहत्तर लाख. (महागाई आणि ठेवीवरचे व्याज यांची फिटंफाट झाली असे ढोबळमानाने धरू.) घराचे कर्ज ३० लाख, शिक्षण २० लाख. बेरीज सव्वा कोट. त्यातून प्रॉव्हिडंट फंड आणि ठेवी मिळून १५ लाख वजा केले तर उरतात एक कोटी दहा लाख. आता त्याचे फोल्डर उघडू. दोन पारंपरिक पॉलिसी, विमा रक्कम मिळून ६ लाख, हप्ता वर्षाला ३० हजारांच्या आसपास. बोनस धरला तरी खड्डा भरत नाही. वीस वर्षांनी परत मिळणाऱ्या पैशांवरचा परतावा पाच-सहा टक्क्यांच्या घरातला. त्याच वयाच्या निर्व्यसनी, निरोगी माणसाला साठीपर्यंतचा एक कोटीचा टर्म विमा वर्षाला पंधरा हजारांच्या आगेमागे मिळतो. माणूस जगला तर त्यातला रुपयाही परत येत नाही, म्हणून तो ‘फुकट गेला’ वाटतो. पण घराला आग लागली नाही म्हणून अग्निशमन दलावरचा खर्च वाया गेला, असे कोणी म्हणते का?

यातून नियम तीनच निघतात. ज्याच्या कमाईवर दुसरे कोणी जगते, त्याचा आयुर्विमा आधी. मुलांच्या नावाने पॉलिसी नंतर, किंवा नकोच. कवच कमावत्या वर्षांपुरते घ्यावे; पंच्याऐंशी वर्षांपर्यंत ते ताणण्यात हप्ता तेवढा वाढतो. बचत वेगळी करावी, विमा वेगळा. आणि कमावती म्हणजे फक्त पगार घेणारी नव्हे. घर चालवणाऱ्या बाईच्या कामाचे मोल धरलेच पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये वाहन अपघाताच्या दाव्यात स्पष्ट सांगितले आहे. कोर्टाला कळले, घरात कधी कळणार?

मृत्यूपेक्षाही कठीण असते ते अपंगत्व. रुळांवरच्या अपघातात पाय गमावलेला माणूस घरी परततो, पण पगार परतत नाही. टर्म विमा बहुधा तेव्हा उपयोगी पडत नाही. त्यासाठी स्वतंत्र अपघातविमा लागतो आणि तो स्वस्त असतो. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला २० रुपयांत अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वासाठी २ लाख मिळतात. एवढ्याने भागणार नाही, पण रोज लोकलने जाणाऱ्याने निदान इथून सुरुवात करावी.

आरोग्यविम्यात आपण विम्याची रक्कम बघतो, अटी बघत नाही. पाच लाखांच्या पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा अनेकदा एक टक्का, म्हणजे दिवसाला ५ हजार असते. रुग्णालयात गडबडीत ८ हजारांची खोली मिळते. वाटते, वरचे तीन हजार आपण भरू. पण अनेक पॉलिसींत डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे भाडे, नर्सिंग हेही त्याच प्रमाणात कापले जाते. ही बिले १ लाख ६० हजारांची असतील तर कंपनी एक लाखच देते. साठ हजारांचा फटका तिथल्या तिथे. पॉलिसी घेताना म्हणूनच खोलीभाड्याची मर्यादा, को-पे (म्हणजे बिलातला आपण भरायचा वाटा) आणि जुन्या आजारांचा प्रतीक्षाकाळ, हे तीन मुद्दे आधी वाचावेत. २०२४ पासून जुन्या आजारांसाठी हा काळ तीन वर्षांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. घरात कोणी सत्तरी ओलांडलेले असेल, तर उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत त्यांना वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार संलग्न रुग्णालयांत मिळू शकतात. ते कार्ड काढायला कमीपणा वाटायचे कारण नाही.

‘कंपनीचा मेडिक्लेम आहे’ म्हणणाऱ्यांना एवढेच सांगायचे, नोकरीबरोबर आलेले कवच नोकरीबरोबर जाते. मोहन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. कारखाना बंद होणे म्हणजे काय काय बंद होणे, हे तिथल्या कामगार वसाहतीला आपण समजावून सांगायला नको.

घराचा विमा तर आपण घेतच नाही. वास्तविक २००५ च्या २६ जुलैला उल्हास आणि वालधुनीचे पाणी आपल्या जिन्यांत चढले होते. डोंबिवली एमआयडीसीत २०१६ च्या मेमध्ये प्रोबेस आणि २०२४ च्या मेमध्ये अमुदान कंपनीत स्फोट झाले, तेव्हा आसपासच्या घरांच्या काचा खाली आल्या. २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारख्या अटींची पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. आग, स्फोट, पूर, भूकंप त्यात येतात. विमा बांधकामाच्या खर्चाचा होतो, फ्लॅटच्या बाजारभावाचा नव्हे. त्यामुळे लहान घराला वर्षाला काही शे रुपये पुरतात.

विमा असून नसल्यासारखा होतो तो कागदांमुळे. प्रस्तावात मधुमेह, रक्तदाब लपवू नका. एजंट ‘काही होत नाही’ म्हणाला तरी अर्ज स्वतः वाचून सही करा. आयुर्विम्यात तीन वर्षांनंतर कंपनी कोणत्याही कारणाने पॉलिसीवर आक्षेप घेऊ शकत नाही, पण पहिल्या तीन वर्षांत लपवलेली एक गोष्ट घरच्यांचा दावा बुडवू शकते. लग्नाआधीच्या पॉलिसीवर वारस म्हणून अजून आईचेच नाव असते. ती हयात नसली तरी.

बँकेचे पासबुक भरून आणा आणि मे महिन्याच्या शेवटाकडच्या नोंदी वाचा. ४३६ रुपये वजा झालेले दिसले तर ती प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा योजना आहे. त्या खातेदाराच्या मागे घरच्यांना २ लाख मिळायचे असतात. ती नोंद घरात कोणी वाचलेलीच नसेल, तर दावा करणार कोण? प्रॉव्हिडंट फंडाचा सभासद नोकरीत असताना गेला तर ईडीएलआय योजनेतून ७ लाखांपर्यंत मिळू शकतात, हेही पुष्कळ कुटुंबांना सांगावे लागते. घरगुती गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांचा विमा नोंदणीकृत ग्राहकाला आपोआप असतो. या हक्काच्या रकमा आहेत, पण मागितल्याशिवाय कोणी घरी आणून देत नाही. कंपनीने दावा नाकारला आणि तक्रारीलाही दाद दिली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तिथे शुल्क नाही, वकीलही लागत नाही.

एक चांगली बातमी. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला आहे. नूतनीकरणाची नोटीस आली की तो खरोखर उतरला आहे का, ते पाहा. वाचलेल्या पैशात अपघातविमा बसतो.

या अंकात नेहमीप्रमाणे कथा आहेत, कविता आहेत, व्यंगचित्रे आणि राशिभविष्यही आहे. विम्याच्या आणि बँकांच्या जाहिरातीही आहेत. त्यांच्याशिवाय अंक निघत नाही, हे आपण जाणता. त्या जरूर वाचा, पण पाडव्याच्या दुपारी घरातल्या सगळ्यांनी मिळून ते फोल्डर एकदा उघडल्यानंतर. एका वहीत लिहून काढा: पॉलिसी क्रमांक, विम्याची रक्कम, हप्त्याची तारीख, वारसाचे नाव. वही कुठे ठेवली ते बायकोला, नवऱ्याला, मोठ्या मुलाला सांगा. आणि शेवटी स्वतःला विचारा, आपला पगार उद्यापासून थांबला तर हे घर किती महिने चालेल? उत्तर वर्षांत आले तर उत्तम. महिन्यांत आले तर काय करायचे, ते वर सांगितलेच आहे.

अंक कसा वाटला, ते दिवाळीनंतर सवडीने कळवले तरी चालेल. वारस बदलण्याचा अर्ज मात्र कार्यालये उघडतील त्या दिवशी देऊन या.



– संपादक, कल्याण