जांभळ्या रंगाची साक्ष

वर्तमानपत्र उघडावें तों चार-आठ दिवसांत एखादी तरी अशी वार्ता दृष्टीस पडतेच कीं, अमक्या स्थानकावर एका तरुणाजवळ पांढऱ्या भुकटीची पुडी सांपडली, व तें कोट्यवधि रुपये किमतीचें मादक द्रव्य असावें. वाचणारा हळहळतो, त्या मुलाच्या आईबापांच्या नशिबास बोल लावतो आणि पान उलटतो. त्या वार्तेंतील ‘असावें’ ह्या क्रियापदाकडे मात्र कोणाचें लक्ष जात नाहीं. आम्हीं जन्मभर मुलांस व्याकरण शिकविलें. त्यामुळें आमची नजर नेमकी तेथेंच अडते. ‘असावें’ हा संशय होय. ‘आहे’ हा निर्णय होय. ह्या दोहोंमधलें अंतर कोण तोडतो, कसें तोडतो, आणि तोडतांना कोठें घसरतो, हें ह्या खेपेस वाचकांपुढें मांडण्याचा आमचा विचार आहे.

हा प्रश्न केवळ पंडिती नव्हे. आपल्याकडील अंमली पदार्थांच्या १९८५ च्या कायद्यांत पदार्थाचें नांव व त्याचें वजन ह्या दोन गोष्टींवर मनुष्याच्या शिक्षेचीं वर्षें ठरतात. हेरॉइन, ज्यास बाजारांत गर्द म्हणतात, तें ५ ग्रॅमहून कमी असेल तर कैद फार तर १ वर्षाची. २५० ग्रॅमहून अधिक असेल तर १० वर्षांहून कमी नाहीं आणि २० वर्षांपर्यंत. गांजाच्या बाबतींत ह्याच मर्यादा १ किलो व २० किलो आहेत. आणि पुडींत नुसती पिठीसाखर निघाली, तर मादक द्रव्य बाळगल्याचा दोषच उरत नाहीं. तेव्हां रसायनशाळेंतून येणारा एक-दोन पानांचा कागद हा कित्येकदां एखाद्याच्या १० वर्षांच्या तोलाचा असतो.

ह्या शास्त्राचा उगम अंमली पदार्थांत नसून विषांत आहे. सोमल ओळखण्याची खात्रीची रीति जेम्स मार्श ह्या इंग्रज रसायनज्ञानें १८३६ मध्यें प्रसिद्ध केली, आणि सोमल घालून नामानिराळें राहणाऱ्यांचे दिवस भरले. परंतु वनस्पतिजन्य विषें, म्हणजे अफूंतील मॉर्फिन, कुचल्यांतील स्ट्रिक्निन, तंबाखूंतील निकोटिन, हीं शरीरांत गेलीं कीं रक्तमांसांत मिसळून जात, आणि तीं पुन्हां निवडून काढण्याची युक्ति कोणास साधली नव्हती. ती युक्ति बेल्जम देशांतील एका सरदाराच्या पापामुळें जगास लाभली.

इपोलित द बोकार्मे हा तो सरदार. त्याच्या पत्नीचा भाऊ गुस्ताव्ह हा एका पायानें अधू होता व पैशानें सधन होता. तो अविवाहित मेला तर त्याची संपत्ति बहिणीकडे येणार होती; परंतु त्यानें लग्न ठरविलें. १८५० च्या नोव्हेंबरच्या २० तारखेस तो बहिणीच्या घरीं जेवावयास आला आणि तेथेंच मरण पावला. अकस्मात् झटका आला, असें यजमानांनीं सांगितलें. प्रेतावर व प्रेताच्या मुखांत मात्र शिर्का ओतलेला आढळला. न्यायाधिकाऱ्यांनीं शरीराचे भाग ब्रुसेल्स येथील झां सर्व्हे स्तास ह्या अध्यापकाकडे पाठविले. ह्या शिर्क्याखालीं कांहीं तरी झांकलेलें आहे, हें स्तासानें ताडलें. त्यानें तें सर्व मद्यार्कांत भिजवून गाळलें, त्यांत दाहक पोटॅश घातला, आणि तों काय, तंबाखूचा वास दरवळूं लागला!

ह्यांतील मर्म समजण्यास फारसें रसायनशास्त्र लागत नाहीं. ह्या जातीचीं विषें आम्लाशीं संयोग पावलीं कीं लवणरूप होऊन पाण्यांत व मद्यार्कांत विरघळतात. तेथें तीव्र क्षार घातला कीं तो त्यांस आम्लापासून सोडवितो. मग तीं पाणी टाकून ईथरांत शिरतात. ईथर उडून गेला कीं विष शुद्ध होऊन तळाशीं राहतें. निकोटिन हें मूळचें उडून जाणारें द्रव्य. तें लपविण्यासाठीं ओतलेल्या शिर्क्यानें त्यास लवणरूपानें बांधून ठेवावें, ही दैवाची चेष्टाच म्हणावयाची.

परंतु आम्हांस स्तासाची थोरवी त्या युक्तीपेक्षांहि दुसऱ्याच गोष्टींत दिसते. वास आल्याबरोबर त्यानें ‘सांपडलें’ असें म्हटलें नाहीं. त्यानें शुद्ध निकोटिन आणून प्रेतांतून निघालेलें द्रव्य व तें शुद्ध द्रव्य ह्यांचे गुणधर्म एकामागून एक ताडून पाहिले, आणि सर्व जुळले तेव्हांच लेखणी हातीं घेतली. पुढें तपासांत उघड झालें कीं सरदारानें खोट्या नांवानें रसायनविद्येची माहिती मिळविली होती व आपल्या वाड्यांत तंबाखूच्या पानांचा अर्क काढला होता. १८५१ च्या जुलैंत त्याचा शिरच्छेद झाला. पत्नी निर्दोष सुटली.

स्तासाची ही सबुरी पुढें सर्वांस परवडेना. पोलिसांस उत्तर झटपट हवें. म्हणून रंगाच्या परीक्षा रूढ झाल्या. १८९६ मध्यें डॉर्पाट, म्हणजे एस्टोनियांतील आजचें टार्टू, येथील एडुआर्ड मार्क्विस ह्यानें गंधकाम्ल व फॉर्मल्डिहाइड ह्यांचें मिश्रण सुचविलें. त्याचा थेंब मॉर्फिन किंवा हेरॉइन ह्यांवर पडला कीं जांभळा रंग उमटतो. कोकेनसाठीं कोबाल्ट थायोसायनेट आहे; तें निळें होतें. ह्या परीक्षा स्वस्त आहेत, सुलभ आहेत, आणि रस्त्याच्या कडेला उभें राहूनहि करतां येतात. त्यांचा उपयोग मोठा आहे; पण घात होतो तोहि येथेंच.

आमच्या ज्या वाचकांनीं बालपणीं अन्नंभट्टाचा तर्कसंग्रह वाचला असेल, त्यांस हा घात समजावून सांगण्याची गरज नाहीं. जेथें धूर तेथें अग्नि, ही व्याप्ति खरी; पण जेथें अग्नि तेथें धूर, ही खोटी; कारण तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यांत अग्नि असतो, धूर नसतो. व्याप्ति उलटी फिरविली कीं हेतूचा हेत्वाभास होतो. त्याप्रमाणेंच, जेथें हेरॉइन तेथें जांभळा रंग, हें खरें. म्हणून जेथें जांभळा रंग तेथें हेरॉइनच, हें खरें नव्हे. खोकल्याच्या औषधांत घालतात त्या कोडीननेंहि तोच थेंब जांभळा होतो. कोबाल्टचा निळा रंग तर दांताच्या डॉक्टरांकडील बधिरी आणणाऱ्या लिडोकेननें येतो, आणि पित्त उठल्यावर घेण्याच्या डायफेनहायड्रामिननेंहि येतो. असा हेतु तर्कशास्त्रांत ‘अनैकांतिक’ म्हणजे दोन्ही घरचा पाहुणा! त्याच्या शब्दावर कोणास तुरुंगांत धाडणें म्हणजे लाल लोखंड पाहून धुराचा पंचनामा करण्यासारखें होय.

आणि तसें धाडलें गेलें आहे. अमेरिकेंत टेक्सास संस्थानांतील ह्यूस्टन शहरीं पोलिसांनीं रस्त्यावर केलेल्या रंगपरीक्षेच्या जोरावर आरोपींस पकडलें. कबुली दिल्यास थोडक्यांत सुटाल, नाहीं तर वर्षेंच्या वर्षें जातील, असें त्यांच्यापुढें मांडलें गेलें. आणि गरीब माणसांनीं गुन्हा कबूल केला. पुढें सवडीनें तीच द्रव्यें प्रयोगशाळेंत तपासलीं गेलीं, तों त्यांत बंदीचें कांहींच निघालें नाहीं! २०१६ मध्यें ही हकीकत प्रसिद्ध झाली, तेव्हां अशा मनुष्यांची संख्या दोनशेंहून अधिक भरली. ज्यानें गुन्हा केलाच नाहीं त्यानें ‘केला’ म्हणून सही द्यावी, एवढें सामर्थ्य एका निळ्या थेंबांत असावें, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

मग खरी परीक्षा कोणती? आजच्या प्रयोगशाळांत मुख्य भर वायुवर्णलेखन व वस्तुमान-वर्णपटमापन ह्या जोडयंत्रावर असतो. नांवें भीतिदायक असलीं तरी कल्पना सोपी आहे. केंसासारखी बारीक व सुमारें ३० मीटर लांब अशी एक नळी असते. नमुन्याची वाफ तींतून जाऊं लागली कीं मिश्रणांतील घटक आपापल्या चालीनें पुढें-मागें पडतात. एकाच वेळीं आळंदीहून निघालेले वारकरी जसे कोणी आधीं तर कोणी मागून मुक्कामीं पोंचतात, तसेंच हें. दाराशीं आलेल्या प्रत्येक घटकावर विद्युत्कणांचा मारा करून त्याचा रेणु फोडतात, आणि तुकड्यांचें वजन घेतात. हेरॉइनच्या अखंड रेणूचा भार ३६९. तो फुटला कीं ३२७, ३१०, २६८ अशा भारांचे तुकडे विशिष्ट प्रमाणांत पडतात. मॉर्फिनचा भार २८५, आणि त्याचे तुकडे निराळे. पोंचण्याची वेळ आणि तुकड्यांची मांडणी ह्या दोन्ही गोष्टी जुळल्या, तरच नांव घ्यावयाचें. एकाच वस्तूची सिद्धि अनेक प्रमाणांनीं करणें ह्यास आपल्या नैयायिकांनीं प्रमाणसंप्लव म्हटलें आहे. येथें तोच साधतात.

आणखी एक गोष्ट. सावध परीक्षक त्याच यंत्रांतून शुद्ध हेरॉइनचा ज्ञात नमुना घालतो, आणि ज्यांत कांहींच नाहीं असा कोरा द्रवहि घालतो. ज्ञात नमुना हा त्याचा सपक्ष, म्हणजे धूर व अग्नि दोन्ही असलेलें स्वयंपाकघर. कोरा द्रव हा विपक्ष, म्हणजे दोन्ही नसलेलें सरोवर. कोऱ्या द्रवांतहि हेरॉइन दिसूं लागलें, तर यंत्र मळलेलें आहे असें समजून सर्व काम पुन्हां करावयाचें.

इतकें झाल्यावर वाटतें कीं आतां चूक होणें नाहीं. परंतु यंत्राजवळ मनुष्य असतो. बॉस्टन शहरांतील हिंटन ह्या सरकारी प्रयोगशाळेंत २००३ पासून अ‍ॅनी डूकन नांवाची परीक्षक काम करीत असे. तिचा उरक सहकाऱ्यांच्या कित्येक पट असे, आणि वरिष्ठांस त्याचें कौतुक वाटे. २०१२ मध्यें त्या उरकाचें रहस्य फुटलें. पुष्कळसे नमुने ती तपासीतच नसे. नुसते डोळ्यांनीं पाहून नांव लिहून टाकी. उत्तर मनासारखें न आलें, तर त्या नमुन्यांत खरें मादक द्रव्य मिसळण्यापर्यंत तिची मजल गेली होती. शाळेंत कांहीं मुलें गणित न करितां पुस्तकाच्या मागचें उत्तर उतरून काढीत, आणि हुशार म्हणून मिरवीत. तीच ही विद्या, पण येथें प्रत्येक उत्तरामागें एक मनुष्य कोठडींत होता. प्रयोगशाळा बंद पडली. २०१३ मध्यें तिनें गुन्हे कबूल केले व तिला ३ ते ५ वर्षांची शिक्षा झाली. २०१७ च्या एप्रिलमध्यें तेथील न्यायालयानें २१ हजारांहून अधिक खटले रद्द ठरविले. त्यांत खरे अपराधी कित्येक असतील. परंतु खरे कोणते व खोटे कोणते, हें सांगण्याचें साधनच तिनें नाहींसें केलें होतें.

शेवटीं न्यायालयापुढें येतें तें यंत्र नव्हे. परीक्षकाचा शब्द येतो. आणि शब्द प्रमाण केव्हां? तर बोलणारा आप्त असेल तेव्हां, म्हणजे ज्यानें वस्तु स्वतः जाणली आहे व जशी जाणली तशीच जो सांगतो. डूकनबाईंचा शब्द हा आप्ताचा नव्हता. तेथील सर्वोच्च न्यायालयानें २००९ मध्येंच, मेलेंडेझ-डायझ ह्या खटल्यांत, परीक्षकाच्या कागदावर न भागवितां त्यास उलटतपासणीस उभें करण्याचा आरोपीचा हक्क मान्य केला होता. आपल्याकडे वहिवाट निराळी आहे. मद्रासेस १८४९ मध्यें व मुंबईस १८७० मध्यें सरकारी रसायनपरीक्षकाची शाळा निघाली, तेव्हांपासून सरकारी परीक्षकाच्या अहवालास मोठा मान आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३२९ व्या कलमाप्रमाणें तो अहवाल परीक्षकास न बोलावतांहि पुराव्यांत घेतां येतो. न्यायालयास वाटल्यास मात्र त्यास बोलावतां येतें. आमच्या मतें ज्या खटल्यांत १०-१० वर्षांचा प्रश्न असेल, तेथें त्यास अवश्य बोलवावें. प्रामाणिक परीक्षकास त्यांत भिण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, हें सर्व चोर-तस्करांचें. आमच्या घरास ह्याचें काय? तर दिवाळीच्या अनारशांकडे पाहावें. त्यांवर जी खसखस लावतो, ती अफूच्याच बोंडांतील. खसखशीस चिकटलेल्या मॉर्फिनच्या अंशामुळें ती खाल्लेल्या निर्व्यसनी मनुष्याच्या मूत्रपरीक्षेंत मॉर्फिन दिसूं शकतें. म्हणूनच अमेरिकन सरकारनें १९९८ मध्यें आपल्या नोकरांच्या परीक्षेची मर्यादा ३०० वरून २००० नॅनोग्रॅमवर नेली. संयुक्त अरब अमिरातींत तर खसखस नेण्यासच बंदी आहे. तेव्हां दुबईस असलेल्या मुलासाठीं फराळाचा डबा भरणाऱ्या माउलीनें एवढें ध्यानांत ठेवावें.

हल्लीं नोकरीपूर्वीं अशी परीक्षा मागणारेहि आढळतात, आणि घरांतील एखाद्या मुलाविषयीं संशय आला तर औषधांच्या दुकानांतून परीक्षेची पट्टी आणून घरच्याघरीं न्याय करणारेहि असतात. त्यांस आमचें सांगणें एवढेंच कीं, ती पट्टीहि रंगाचीच साक्षीदार आहे. मुलानें आठवड्यांत कोणतें खोकल्याचें औषध घेतलें, काय खाल्लें, हें आधीं शांतपणें विचारावें. डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जपून ठेवाव्या. आणि पट्टी विरुद्ध गेली तर चांगल्या प्रयोगशाळेंत दुसऱ्या रीतीनें खात्री करून घ्यावी. तोंवर घरांत ‘असावें’ म्हणावें. ‘आहे’ म्हणूं नये. एकदां ‘आहे’ म्हटलें कीं मुलाच्या मनावर उमटलेला तो डाग पुढें खरा अहवाल आला तरी सहसा धुतला जात नाहीं.