ओझे सायकलने वाहावे, पाठीने नव्हे

सुटीत चोर्ला घाटाने गोव्याला सायकलवर जायचे बेत वरच्या वर्गांत शिजू लागले, की पालक महागडी सायकल पाहायला निघतात. माझ्या मते स्टीलच्या फ्रेमची साधी गिअरची सायकल पुरे. फ्रेम मोडलीच तर वाटेतल्या गावचा वेल्डरही जोडून देईल. ॲल्युमिनियमचे तसे नाही. पैसे घालायचे ते ब्रेक आणि मजबूत कॅरिअरवर. पाठीवर सॅक अडकवून घाट उतरणे मला मुळीच पसंत नाही. तोल वर जातो, खांदे भरून येतात. (दप्तराचे ओझे रोज काय कमी आहे!) सामान कॅरिअरच्या दोन्ही बाजूंच्या पिशव्यांत समान वाटावे, जड वस्तू तळाशी. भरलेली सायकल उतारावर लवकर थांबत नाही. तेव्हा आधी एका रविवारी सामानासकट जांबोटीपर्यंत जाऊन या, मगच परवानगीचे बोलू.