कटारा वाईट झाली का?

गेल्या रविवारी आमच्याकडे एक पंचाईत झाली. सहावीतली भाची ‘अवतार : द लास्ट एअरबेंडर’ बघत बसली होती. एकदम तिनं टीव्ही बंद केला आणि विचारलं, “मामा, कटारा वाईट झाली का रे?”

ज्यांना ही मालिका ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेतल्या निकलोडिअन वाहिनीवर २००५ ते २००८ या काळात ती दाखवली गेली. पर्वं तीन, भाग ६१. नावातला ‘अवतार’ हा शब्द मात्र आपल्या संस्कृतातलाच! पाणी, पृथ्वी, अग्नी आणि वायू अशी चार राष्ट्रं. त्यांतल्या काही माणसांना आपापलं तत्त्व हवं तसं खेळवता येतं. अग्निराष्ट्रानं शंभर वर्षं युद्ध मांडलंय आणि ते थांबवायचं काम आलंय बारा वर्षांच्या आंगवर. कटारा ही त्याची चौदा वर्षांची मैत्रीण. पाणी खेळवणारी, सगळ्यांची काळजी घेणारी.

पहिल्या दोन पर्वांत हाणामारीइतकीच धमाल आहे. तिसरं पर्व मात्र काळोखं आहे. त्याआधीच आंगला वीज लागलेली असते, तो मरता मरता वाचतो. आता सगळी मंडळी वेश बदलून शत्रूच्याच देशात फिरतात.

आठव्या भागात त्यांना हामा नावाची आजी भेटते. गोड बोलणारी, पोटभर जेवू घालणारी, कटाराच्याच जमातीची. तरुणपणी अग्निराष्ट्रानं तिला पकडून नेलं, हात बांधून कोंडलं, पाण्याचा थेंबही हाती लागू दिला नाही. मग तिनं एक भयंकर विद्या शोधली. रक्तातही पाणी असतंच की! पौर्णिमेच्या रात्री ती समोरच्याचं शरीर कळसूत्री बाहुलीसारखं नाचवू शकते. ती निसटली खरी, पण आता सूड म्हणून साध्यासुध्या गावकऱ्यांना पकडून डोंगरात कोंडतेय. आंगला आणि भावाला वाचवण्यासाठी कटाराला नाइलाजानं तीच विद्या वापरावी लागते. भाग संपतो तेव्हा कटारा रडत असते. आमच्या भाचीनं टीव्ही बंद केला तो इथंच.

मी तिला म्हटलं, “जरा धीर धर, सोळावा भाग बघू.” त्यात कटारा आपल्या आईच्या मारेकऱ्याला शोधायला निघते. वाटेत संतापाच्या भरात ती हामाची विद्या पुन्हा वापरते, तीही चुकीच्या माणसावर! अखेर खरा मारेकरी सापडतो. एक घाबरट म्हातारा. पाऊस कोसळत असतो. कटारा त्या पावसाचे बर्फाचे भाले करते आणि त्याच्यावर सोडते. ते त्याच्यापासून बोटभर अंतरावर थांबतात. ती त्याला मारत नाही. पण माफही करत नाही.

भाची बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “म्हणजे ती वाईट नाही. पण वाईट होऊ शकली असती.”

मला तिचं म्हणणं पटलं. राक्षस बाहेरून आला की लढणं सोपं असतं. राग आपलाच असतो, कारणही खरं असतं, तेव्हा हात आवरणं अवघड. वर्गात कुणी आपल्याला छळलं आणि एक दिवस तोच आपल्या तावडीत सापडला, तर? आठवून बघा.

आईबाबांनो, अगदी लहानांना हे भाग रात्री दाखवू नका. मोठ्यांबरोबर मात्र स्वतः बसा. रिमोट लपवण्यापेक्षा शेजारी बसलेलं बरं. मुलं प्रश्न विचारतील, आणि उत्तर आपल्यालाही लगेच सुचेलच असं नाही.

शेवटी आंग अग्निराजाचं काय करतो? ते नाही सांगणार! तुम्हीच बघा. आणि हो, कटाराच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतंत, ते पत्रानं जरूर कळवा. वाट बघतोय.

— तुमचा मामा