अंतराळात झोप का लागत नाही? आणि शुभांशू शुक्लांच्या लॅपटॉपचा त्याच्याशी काय संबंध?

तुम्ही बेडवर बसून लॅपटॉपवर काम करताय. काम संपलं. तुम्ही लॅपटॉप बंद केला आणि बेडच्या बाजूला चक्क हवेत सोडून दिला. असं कोणी करेल का?

ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला यांनी केलं. अ‍ॅक्सियम-४ मोहिमेवरून १५ जुलै २०२५ ला पृथ्वीवर परतल्यानंतर काही दिवसांनी पत्रकारांशी बोलताना त्यांनी स्वतःच हा किस्सा सांगितला होता. लॅपटॉप तिथेच तरंगत राहील असं त्यांना वाटलं. नशिबाने खाली कार्पेट होतं. परतल्यावर फोन हातात घेतला तेव्हा तो किती जड लागला, हेही त्यांनी सांगितलं.

शुक्ला हवाई दलाचे अनुभवी टेस्ट पायलट आहेत. ते अंतराळात होते जेमतेम २० दिवस. पण तेवढ्यात त्यांच्या मेंदूने 'सोडलेली वस्तू खाली पडते' हा लहानपणापासूनचा नियम बाजूला ठेवला होता. आणि हे झालंय, याची त्यांना कल्पनाही नव्हती.

किस्सा मजेशीर आहे. पण मेंदू आपल्याला न सांगता असे बदल करतो, ही गोष्ट झोपेच्या बाबतीत धोकादायक ठरते. अंतराळात आणि पृथ्वीवरही. कसं, ते समजून घेऊ.

दिवसाला १६ सूर्योदय, मग रात्र कधी?

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून साधारण ४०० किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरतं. एका फेरीला लागतात अंदाजे ९० मिनिटं. म्हणजे २४ तासांत १६ सूर्योदय आणि १६ सूर्यास्त. खिडकीबाहेर बघून दिवस आहे की रात्र हे ठरवायचं म्हटलं तर दर पाऊण तासाने उत्तर बदलेल.

म्हणून स्थानकावर घड्याळ चालतं ते ग्रीनिच वेळेनुसार, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. झोपायची वेळ वेळापत्रकात लिहिलेली असते.

पण वेळापत्रकात लिहिलं म्हणून झोप येत नाही. आपल्या मेंदूत एक जैविक घड्याळ असतं. हे घड्याळ जुळवण्याचं काम मुख्यतः प्रकाश करतो. डोळ्याच्या पडद्यात काही खास पेशी असतात. त्या निळसर प्रकाशाला सर्वात जास्त प्रतिसाद देतात आणि मेंदूला 'दिवस आहे' असा निरोप धाडतात. शरीरातल्या या घड्याळाची यंत्रणा उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबाश आणि मायकेल यंग या तीन शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं.

भिंतीला बांधलेली झोप

अंतराळवीर झोपतात टेलिफोन बूथएवढ्या केबिनमध्ये, भिंतीला बांधलेल्या स्लीपिंग बॅगमध्ये. तिथे 'आडवं होणं' हा प्रकारच नाही, कारण वर-खाली असं काही नाही. झोपेत हात आपोआप समोर तरंगत राहतात. गादीला पाठ टेकल्याची जाणीव नाही, उशीचा उपयोग नाही.

२८ जून २०२५ ला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्याशी बोलतानाही शुक्ला यांनी सांगितलं होतं की, बोलताना वर तरंगत जाऊ नये म्हणून त्यांनी पाय बांधून ठेवले आहेत आणि इथे झोपणं हेसुद्धा एक मोठं आव्हान आहे.

आणखी एक गोष्ट सहसा आपल्या लक्षात येत नाही. पृथ्वीवर आपण सोडलेला श्वास गरम असल्यामुळे वर जातो आणि ताजी हवा नाकाजवळ येते. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम जाणवत नाही तिथे गरम हवा वर जात नाही. पंखा नसेल तर आपणच सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडचा ढग चेहऱ्याभोवती जमू शकतो. त्यामुळे झोपण्याच्या जागेत हवा खेळती ठेवावीच लागते. आणि पंखे म्हणजे आवाज. स्थानक कधीच शांत नसतं.

सोय साडेआठ तासांची, झोप सहा तास

अंतराळवीर प्रत्यक्षात झोपतात किती? यावरचा सर्वात मोठा अभ्यास २०१४ मध्ये 'लॅन्सेट न्यूरोलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. स्पेस शटलच्या २६ उड्डाणांमधले ६४ अंतराळवीर आणि अंतराळ स्थानकावर राहिलेले २१ अंतराळवीर यांच्या मनगटाला हालचाल मोजणारी उपकरणं बांधून ही माहिती गोळा केली होती. अंतराळातल्या ४,२०० हून जास्त रात्रींची ही नोंद आहे.

निष्कर्ष असा होता:

- वेळापत्रकात झोपेसाठी साडेआठ तास राखून ठेवलेले होते.
- प्रत्यक्षात सरासरी झोप भरली साधारण सहा तास. शटलमध्येही आणि स्थानकावरही.
- साधारण चारपैकी तीन जणांनी मोहिमेत कधी ना कधी झोपेचं औषध घेतलं.
- उड्डाणाच्या सुमारे तीन महिने आधी, प्रशिक्षणाच्या काळात पृथ्वीवर असतानाही त्यांची झोप सरासरी साडेसहा तासांपेक्षा कमी होती.

औषधाचा मुद्दा गंभीर आहे. अंतराळात मध्यरात्री अलार्म वाजला, तर गोळी घेऊन झोपलेल्या माणसाने पुढच्या मिनिटाला अचूक निर्णय घेणं अपेक्षित असतं.

एक चांगली बातमीही आहे. शटलमधल्या पाच अंतराळवीरांच्या झोपेचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात त्यांचं घोरणं अंतराळात जवळपास बंद झाल्याचं दिसलं. कारण सोपं आहे. पृथ्वीवर झोपल्यावर गुरुत्वाकर्षणामुळे जीभ आणि घशाचे सैल भाग मागे पडतात आणि श्वासाची वाट अरुंद होते. तिथे हे होत नाही.

डोळे मिटले तरी प्रकाश दिसतो

झोपेसोबतच अंतराळात जाणिवाही गडबडतात. आपल्या कानाच्या आतल्या भागात कॅल्शियम कार्बोनेटचे अगदी बारीक कण असतात. डोकं वाकवलं की ते गुरुत्वाकर्षणामुळे सरकतात आणि 'खाली' कुठे आहे हे मेंदूला कळतं. अंतराळात हा निरोप येणंच बंद होतं. डोळे एक सांगतात, कान दुसरंच. त्यामुळे पहिल्या काही दिवसांत बहुतेक अंतराळवीरांना मळमळतं. मग मेंदू कानाकडे दुर्लक्ष करून डोळ्यांवर विसंबायला शिकतो. शुक्लांचा लॅपटॉप पडला तोही मेंदूच्या अशाच जुळवून घेण्यामुळे.

दुसरा प्रकार तर अजून विचित्र. १९६९ मध्ये अपोलो-११ च्या प्रवासात बझ ऑल्ड्रिन यांना अंधारात प्रकाशाचे ठिपके आणि रेषा चमकताना दिसल्या. पुढच्या मोहिमांमध्ये इतरांनाही त्या दिसल्या, अगदी डोळे मिटलेले असतानाही. हा भास नव्हता. अवकाशातून येणारे वेगवान वैश्विक किरण डोळ्यातून आरपार जाताना दृष्टिपटलाला चेतवतात आणि मेंदूला तो प्रकाश वाटतो.

थकलेल्या मेंदूला थकवा का कळत नाही?

आता मूळ मुद्द्याकडे येऊ. सहा तास झोप म्हणजे काय फार कमी आहे का? आपल्यापैकी कितीतरी जण तेवढीच घेतात आणि 'मला सवय आहे' म्हणतात.

अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी हेच तपासलं. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ४८ निरोगी लोक होते. काहींना १४ दिवस रोज आठ तास झोपू दिलं, काहींना सहा, काहींना फक्त चार. एका गटाला सलग तीन दिवस जागं ठेवलं. रोज त्यांचं लक्ष आणि प्रतिक्रियेचा वेग मोजला.

चार आणि सहा तास झोपणाऱ्यांची कामगिरी रोज थोडी थोडी घसरत गेली. १४ दिवसांनंतर ती एक ते दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खराब झाली होती. पण 'तुम्हाला किती झोप येतेय' असं विचारल्यावर त्यांची उत्तरं काय होती? पहिले काही दिवस वाढ, आणि नंतर जवळपास स्थिर. म्हणजे मेंदू घसरतच होता, पण आपण सरावलो आहोत असं त्यांना वाटत होतं.

ज्या अवयवाने थकवा ओळखायचा, तोच थकलेला असतो. म्हणून 'मला कसं वाटतंय' या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. याच कारणाने अंतराळ स्थानकावर तीन मिनिटांची एक चाचणी वापरली गेली. स्क्रीनवर आकडा दिसला की लगेच बटण दाबायचं. किती मिलिसेकंद लागले हे यंत्र सांगतं. माणसाचं मत विचारलं जात नाही.

चूक झाली तर काय होतं?

२५ जून १९९७. रशियाच्या मीर अंतराळ स्थानकाचे कमांडर वसिली त्सिब्लियेव्ह एका मालवाहू प्रोग्रेस यानाला रिमोटने जोडण्याचा प्रयत्न करत होते. यान वेगात आलं आणि स्थानकाच्या स्पेक्टर या भागावर आदळलं. भोक पडलं, हवा बाहेर जायला लागली. आतल्या तिघांनी केबल तोडून तो भाग बंद केला, म्हणून जीव वाचला.

या अपघाताला एकच कारण नव्हतं. यानाचं अंतर आणि वेग सांगणारी माहिती अपुरी होती, सरावात मोठा खंड पडला होता. पण नंतर या घटनेचा अभ्यास करणाऱ्यांनी अपुऱ्या झोपेमुळे आलेला थकवाही कारणांमध्ये धरला.

मंगळावरचा दिवस ३९ मिनिटांनी मोठा

पुढचं आव्हान आहे मंगळ. तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांचा. आपलं जैविक घड्याळ सरासरी २४ तास ११ मिनिटांचं असतं, असं हार्वर्डच्या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं. फरक अर्ध्या तासाचाच वाटतो, पण तो रोजचा आहे. मंगळाच्या वेळेनुसार काम करणाऱ्या माणसाचा दिवस पृथ्वीच्या घड्याळात रोज ३९ मिनिटं पुढे सरकतो. २००८ च्या फिनिक्स मोहिमेत पृथ्वीवरून काम करणाऱ्या पथकाने हे प्रत्यक्ष भोगलं आहे.

मॉस्कोमध्ये २०१०-११ दरम्यान सहा जणांना मंगळ प्रवासाची तालीम म्हणून ५२० दिवस बंद जागेत ठेवलं होतं. बहुतेकांच्या झोपेत, सतर्कतेत किंवा झोपेच्या वेळेत बिघाड दिसला. एकाचा 'दिवस' तर जवळपास २५ तासांचा झाला. बाकीचे जागे असताना तो झोपलेला असे. मंगळावर संदेश पोहोचायलाच अंतरानुसार ३ ते २२ मिनिटं लागतात. तिथे ऐनवेळी पृथ्वीवरून कोणी सावध करू शकणार नाही.

यावर उपाय काय केले जातायत?

अंतराळ स्थानकावर जुन्या ट्यूबलाइटच्या जागी २०१६ पासून एलईडी दिवे बसवायला सुरुवात झाली. त्यांचे तीन प्रकार आहेत: रोजच्या कामासाठी पांढरा, सतर्क राहण्यासाठी निळसर आणि झोपण्याआधी पिवळसर. खिडकीबाहेरचे १६ सूर्योदय थांबवता येत नाहीत, पण आत एकच सकाळ आणि एकच रात्र तयार करता येते.

भारतासाठीही हा विषय आता दूरचा नाही. गगनयान मोहीम सुमारे तीन दिवसांची असेल, पण २०३५ पर्यंत स्वतःचं अंतराळ स्थानक उभारायचं उद्दिष्ट आहे. तिथे महिनोन्‌महिने राहावं लागेल. शुक्ला यांनी केलेल्या प्रयोगांपैकी एक बंगळुरूच्या आयआयएससीसोबतचा होता. अंतराळात स्क्रीन वापरताना नजर कशी स्थिरावते, बोट नेमक्या जागी कसं पोहोचतं आणि ताण किती येतो, हे त्यात पाहिलं गेलं. ऑगस्ट २०२५ मध्ये लडाखच्या त्सो कार परिसरात 'होप' नावाच्या तळावर दोघांना दहा दिवस वेगळं ठेवून अभ्यासही झाला.

आणि आपलं काय?

हे सगळं मी नाइट शिफ्ट संपवून लिहिलं असतं, तर 'मला काही झालेलं नाही' असंच म्हटलं असतं. आपल्यापैकी नर्स, पोलीस, आयटीवाले, डिलिव्हरी करणारे, ट्रकचालक अशा कितीतरी जणांची खिडकीबाहेरची रात्र आणि घड्याळातली रात्र जुळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ मध्ये रात्रपाळीच्या कामाला 'बहुधा कर्करोगकारक' गटात टाकलं आणि २०१९ मध्ये ते कायम ठेवलं.

रस्त्यावर हा धोका लगेच दिसतो. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, सलग १७ ते १९ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट असते. आपल्याकडे गाडी चालवण्यासाठी कायद्याची मर्यादा ०.०३ टक्के आहे. म्हणजे सकाळी सहाला उठून, दिवसभर ऑफिस करून, रात्री अकरानंतर नागपूरहून मुंबईकडे समृद्धी महामार्गावर ७०१ किलोमीटर निघालेला माणूस थेंबभरही न पिता त्या मर्यादेपलीकडे असू शकतो. आणि ब्रेथ अ‍ॅनालायझरमध्ये ते दिसणार नाही.

म्हणून अंतराळवीरांच्या दोन गोष्टी आपणही उचलू शकतो. झोपण्याआधी तासभर दिवे मंद आणि पिवळसर ठेवा, फोन बाजूला ठेवा. आणि झोप झाली की नाही हे अंदाजावर सोडू नका, तास मोजा. रात्रीचा प्रवास असेल तर 'झोप येतेय का?' असं स्वतःला विचारू नका. 'आज मी किती वाजता उठलो?' असं विचारा. उत्तर १७ तासांपूर्वीचं असेल, तर किल्ली दुसऱ्याकडे द्या किंवा सकाळी निघा.