तपासणीचा कागद दारावर लावा

औशासारख्या तालुक्याच्या गावात अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाची सोय दोनच ठिकाणी होते. घरी, नाहीतर दहा-पंधरा खाटांच्या एखाद्या नर्सिंग होममध्ये. मुलं पुण्याला, घरात करणारं कुणी नाही, खुब्याचं हाड मोडलेलं. मग लातूरला ऑपरेशन करून आणलेल्या आजीला पुढचे काही दिवस इथंच ठेवतात. तिथं तिची निगा नीट राखली जाते का, हे बघायची जबाबदारी सरकारची आहे. आणि सरकारने जे बघितलं ते आपल्यालाही कळलं पाहिजे, असं माझं ठाम म्हणणं आहे.

कायदा जुना आहे. मुंबई सरकारने 1949 साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा केला, तेव्हा औसा मुंबई प्रांतात नव्हतंच. निजामाची राजवट जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. आज महाराष्ट्राच्या नावाने तोच कायदा आपल्याला लागू आहे. तीन वर्षांची नोंदणी, मग नूतनीकरण. महापालिका नसलेल्या औशासारख्या गावात हे काम जिल्हा शल्यचिकित्सकांकडे असतं. जानेवारी 2021 मध्ये नियम सुधारले गेले. दरपत्रक लावा, रुग्ण हक्कांची सनद लावा, बिलापायी मृतदेह अडवू नका, तक्रार ऐकायची सोय करा, हे त्यात आलं. जन आरोग्य अभियानासारख्या संघटनांनी यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला होता.

पण जिल्हा शल्यचिकित्सकांच्या टेबलावर आणखी काय काय असतं ते बघा. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं, सोनोग्राफी केंद्रांवरची नजर, अपंगत्वाचे दाखले, वर साथ आली की तीही. या सगळ्यातून नर्सिंग होमची तपासणी होते ती दिवसा आणि बहुतेक कागदांची. फायर ऑडिट आहे का, बायोमेडिकल कचऱ्याचा करार आहे का, डॉक्टरची पदवी कोणती. हे बघायलाच हवं. निगा मात्र रात्री कळते.

एका नातेवाईक बाईंच्या उशाशी मी अशाच एका ठिकाणी बसले होते. वॉर्डात रात्री एकच मुलगी होती. सलाईन संपत आलं की नातेवाईकच तिला हाक मारायचे. कुशीवर वळवायला दोन माणसं लागत आणि ती एकटी, म्हणून बाईंना कुणी वळवलंच नाही. माकडहाडाशी कातडी आधी लाल झाली, मग सोलली, मग चादरीला डाग दिसायला लागला. काउंटरच्या मागे नोंदणीचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये होतं आणि त्याची मुदतही शिल्लक होती. त्या मुलीला मी दोष देणार नाही. शिकलेल्या नर्सेस लातूर-पुण्याला जातात, आणि मागे राहणाऱ्या मुलींवर तुटपुंज्या पगारात सगळा वॉर्ड येऊन पडतो.

मग तक्रार का केली नाही? लहान गावात डॉक्टर ओळखीचा असतो. उद्या रात्री नातवाला ताप भरला तर त्याचंच दार वाजवायचं असतं. म्हणून माणसं गप्प बसतात, आणि तक्रार नाही म्हणजे सगळं ठीक, असं वर धरलं जातं. जी व्यवस्था तक्रारीची वाट बघत बसते, ती औशात कधीच चालणार नाही.

इंग्लंडमध्ये 2015 पासून तपासणीत मिळालेला दर्जा रुग्णालयाला किंवा वृद्धांच्या केअर होमला आपल्या इमारतीत दिसेल असा लावावाच लागतो, वाईट असला तरी. आपल्याकडे तपासणीत काय आढळलं ते फायलीत राहतं. तपासणी कोणत्या तारखेला झाली, रात्रपाळीला किती नर्स होत्या, काय कमी आढळलं, एवढं मराठीत एका पानावर लिहून दारावर लावायला खर्च तो किती! औशात असा कागद लागला, तर गावासमोर उभं राहून कुणाला भांडावं लागणार नाही. वाचणारा वाचेल आणि ठरवेल.

हा कागद सरकारी रुग्णालयाच्या दारावरही हवा. 1949 च्या कायद्यातून सरकारी दवाखाने वगळलेले आहेत. नांदेडला विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात 30 सप्टेंबर ते 1 ऑक्टोबर 2023 या 24 तासांत 24 रुग्ण दगावले, त्यात 12 अर्भकं. औषधं आणि माणसं कमी असल्याची चर्चा त्यानंतर राज्यभर झाली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. ती कमतरता रोज कुठंतरी लिहून दिसत असती, तर कुणीतरी आधी विचारलं असतं.

तोवर एक मार्ग आहे. आपल्या तालुक्यातल्या नर्सिंग होमचे मागच्या तपासणीचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागता येतात. 10 रुपयांचं शुल्क, 150 शब्दांचा अर्ज, 30 दिवसांची मुदत. अर्ज लातूरला जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातल्या जन माहिती अधिकाऱ्यांच्या नावे करायचा. एका दवाखान्याचं नाव घालू नका, तालुक्यातल्या सगळ्यांचे अहवाल मागा, म्हणजे कुणाशी वाकडं येणार नाही. ज्येष्ठ नागरिक संघांनी हा अर्ज संघाच्या एखाद्या पदाधिकाऱ्याच्या सहीने करावा आणि मिळालेले अहवाल बैठकीत मोठ्याने वाचावेत.