पेटीला कोण मारणार?

मला सांगा, तुमच्या घरात एक तरी गोष्ट अशी असेल ना, जी कुणीतरी 'जपून' ठेवलीय? आईची पैठणी, बाबांचं पेन, एकदाही टेबलावर न आलेला डिनर सेट? माझ्याकडेही होती. हिऱ्याचं चिलखत. हसू नका, मी माइनक्राफ्टबद्दल बोलतेय.

2020च्या लॉकडाउनमध्ये मी आणि माझ्या धाकट्या भावाने मिळून एक जग सुरू केलं. तो आता जर्मनीत शिकतोय, मी पुण्यात डेडलाइन्सशी झटापट करतेय. पण शनिवारी रात्री हेडफोन लावून आमची खाणीत भेट होते म्हणजे होतेच. त्या जगात सापडलेल्या पहिल्या आठ हिऱ्यांचं चेस्टप्लेट त्याने मला बनवून दिलं. वर प्रोटेक्शन फोर आणि अनब्रेकिंग थ्री. पहिल्यांदा दुरुस्तीला आलं तेव्हा ऐरणीवर त्याला नावही दिलं, 'ताईचं चिलखत'. भाऊबिजेची ओवाळणी म्हणे!

आता यातली ग्यानबाची मेख ऐका. या चेस्टप्लेटचं आयुष्य 528. मार बसला की त्यातून थोडं कमी होतं. ऐरणीवर एक हिरा टाकला की पाव हिस्सा भरून निघतो. स्वस्तात मस्त वाटतं ना? पण ऐरण लक्षात ठेवते, बॉस. पहिल्या दुरुस्तीनंतर पुढच्या कामाला 1 लेव्हल जादा, मग 3, मग 7, 15, 31. एका कामाचा खर्च 40 लेव्हलवर गेला की सरळ पाटी झळकते, 'टू एक्स्पेन्सिव्ह!' थोडक्यात, ऐरणीवर जायच्या सहा संधी. आमच्या पाच झाल्या होत्या.

मग मी काय केलं? टिपिकल मध्यमवर्गीय उपाय. चिलखत पेटीत टाकलं आणि लोखंडाचं घालून फिरायला लागले. लोखंड काय, ढिगाने मिळतं. पण हिशेब चुकत होता. लोखंडाच्या पूर्ण सेटचे आर्मर पॉइंट 15, हिऱ्याचे 20. फरक किरकोळ वाटतो. एक पॉइंट ढोबळमानाने 4 टक्के मार अडवतो. म्हणजे लोखंडातून 40 टक्के आत येतो, हिऱ्यातून 20. चक्क दुप्पट! (उंचावरून पडलात तर मात्र दोन्ही सारखीच निरुपयोगी. हे मी अनेकदा तपासलंय.)

व्हायचं तेच झालं. एका अंधाऱ्या गुहेत मागून क्रीपर आला आणि धुडुम्! दोन तासांची कमाई जमिनीवर पसरली. अशा वस्तू पाच मिनिटांत गायब होतात आणि मी रस्ता विसरलेले.

"ताई, चिलखत कुठाय?"

"पेटीत."

"अगं, पेटीला कोण मारायला येणार आहे?"

मी जाम चिडले. मग तो जरा गप्प झाला आणि म्हणाला, पुढच्या महिन्यापासून थीसिस सुरू होतोय, शनिवारचं काही खरं नाही. म्हणजे मी जपत काय होते आणि कशासाठी, हा प्रश्नच होता.

उरलेली एक संधी दुरुस्तीत घालवायची नाही, असं ठरलं. त्यावर मेंडिंग चढवायचं. 2016मध्ये आलेला हा मंत्र भन्नाट आहे. तुम्ही मिळवलेला अनुभव थेट चिलखतात जिरतो, एका गुणाला दोन टाके. ऐरणीची गरजच संपली! पण मंत्राच्या टेबलावर तो मिळत नाही. गावातल्या लायब्ररियनकडून पुस्तक विकत घ्यावं लागतं, आणि त्याने हवं ते पुस्तक काढेपर्यंत त्याच्यासमोरचं लेक्टर्न फोडायचं, पुन्हा मांडायचं, पुन्हा फोडायचं. आम्ही अडीच तास हेच करत बसलो. मध्ये त्याने मॅगी करून खाल्ली, मी आईला दोनदा "आलेच" म्हणून सांगितलं. खरं सांगू? कित्येक महिन्यांत आम्ही इतक्या गप्पा मारल्या नव्हत्या.

खर्च आला 33 लेव्हल. ऐरण वाजली, तिला तडा गेला, पण चिलखत हातात आलं. आयुष्य उरलं होतं 528 पैकी 61.

एक झॉम्बी मारला की 5 गुण, म्हणजे 10 टाके. साधारण 47 झॉम्बी, तेही मध्ये मार खाल्ला नाही तर. या शनिवारी तो नव्हता. मी चिलखत घातलं, मशाली घेतल्या आणि त्याच गुहेत उतरले. आतापर्यंत बारा झालेत.