आधी आकडा, मग बाइक

आपल्याकडे भरभक्कम देहाच्या माणसानं ‘बाइक घ्यायचीय’ म्हटलं, की चहाच्या टपरीपासून ऑफिसच्या कॅन्टीनपर्यंत सल्ला एकच. ‘बुलेट घे ना राव, तुला शोभेल!’ शोभेल म्हणे! हॉलमध्ये सोफा शोभेल का, असं बघावं तसं. ब्रेक नीट लागेल का, कंबर टिकेल का, मागे बसणाऱ्याला जागा उरेल का, हे कुणी विचारतच नाही.

शिवाय बुलेट ही क्रूझर नाहीच. क्रूझर म्हणजे सीट खाली, हँडल आपल्याकडे ओढलेलं, पाय पुढे पसरलेले आणि चेहऱ्यावर ‘मला कुठे घाई आहे?’ असा भाव. बुलेटवर आपण खुर्चीत बसल्यासारखे ताठ बसतो. जाड माणसासाठी या दोन्हीत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो कसा, ते पुढे बघूच.

आता गंमत बघा. आपलं शहर म्हणजे दुचाकीचं माहेरघर. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ पासून सुरू आहे. शॉक अॅब्सॉर्बर आणि ब्रेक बनवणारी एन्ड्युरन्स कंपनीही इथलीच. प्रत्येक गल्लीत एखादे काका ‘कंपनीत’ होते आणि प्रत्येक काकांकडे बाइकवर ठाम मत आहे. २०१० मध्ये याच शहरातल्या लोकांनी गट करून एका दमात १५० मर्सिडीज घेतल्या होत्या. म्हणजे आपण गाड्यांच्या बाबतीत लाजरे मुळीच नाही. लाजतो ते फक्त एका ठिकाणी. वजनकाट्यावर!

आकडा बोला, बिनधास्त

तर सुरुवात मीच करतो. उंची सहा फूट, वजन १०८ किलो. सांगून टाकलं, आकाश कोसळलं नाही.

पहिली क्रूझर घ्यायची ठरवली तेव्हा मी आधी काट्यावर उभा राहिलो, तेही पूर्ण सरंजामासह. हेल्मेट, जॅकेट, बूट, पाठीवर लॅपटॉपची बॅग. काटा म्हणाला, ११५. मग आईला उभं केलं. दर गुरुवारी तिला मावशीकडे सोडायचं असतं, त्यामुळे मागची सीट तिचीच. ती ५७. बेरीज १७२. (‘मला कशाला मोजतोस, मी काय गहू आहे?’ हा तिचा प्रश्न अजून अनुत्तरित आहे.)

ही बेरीज का करायची? कारण प्रत्येक बाइकच्या मॅन्युअलमध्ये ती जास्तीत जास्त किती भार वाहू शकते, ते लिहिलेलं असतं. कुठे थेट पेलोड देतात, कुठे भरलेल्या गाडीचं कमाल वजन देतात. दुसऱ्या प्रकारात त्यातून गाडीचं स्वतःचं वजन वजा करा. हा आकडा बहुतेक वेळा १५० किलोच्या आसपास किंवा थोडा वर असतो. समजा १६० आहे, तर मी आणि आई मिळून १२ किलो ओव्हर. मग ती गाडी मला कितीही ‘शोभली’ तरी माझ्या कामाची नाही. संपला विषय.

शोरूममध्ये मात्र हा विषय निघतच नाही. मी गेलो तिथल्या मुलानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि अदबीनं म्हणाला, ‘सर, तुम्हाला ना, मोठीच दाखवतो.’ मी म्हटलं, ‘दादा, मोठी नको. आधी मॅन्युअल दाखवा.’ बिचारा पाच मिनिटं मॅन्युअल शोधत होता. त्याचा दोष नाही. कुणी मागतच नाही ना!

बसकी गाडी आणि स्प्रिंग

क्रूझर दिसायला धिप्पाड असते, म्हणून वाटतं की ती जाड माणसासाठीच बनलीय. अर्धं खरं आहे. सीट खाली असल्यानं दोन्ही पाय जमिनीवर टेकतात, सिग्नलला तोल सांभाळायला सोपं जातं. पण सीट खाली आणायची, तर मागच्या शॉकला वर-खाली व्हायला जागा कमी मिळते. आपण बसलो की स्प्रिंग आधीच बरीच दबते. उरलेली जागा पहिला खड्डा खातो आणि मग ‘धप्प!’ तो आवाज गाडीचा असतो, कळ मात्र आपल्या मणक्यात जाते.

यावर पहिला उपाय फुकटचा आहे. जोडीनं शॉक असलेल्या बऱ्याच गाड्यांना स्प्रिंगच्या बुडाशी खाचांची रिंग असते. टूलकिटमधल्या आकड्यासारख्या पान्यानं ती फिरवायची. मधल्या खाचेवर आलेली गाडी वरच्या खाचेवर नेली की दबलेली मागची बाजू पुन्हा उचलली जाते. पण एक लक्षात ठेवा. यानं स्प्रिंग कडक होत नाही, फक्त आधीपासून ताणून बसते. वरच्या खाचेवरही गाडी आपटत असेल, तर जास्त भाराची स्प्रिंग बसवायला हवी. नाहीतर ती गाडी आपली नव्हे.

टायरही वाचायला शिका. कडेला १४०/७०-१७ असं लिहिल्यावर पुढे ६६ वगैरे आकडा असतो. तो त्या टायरची भार पेलण्याची ताकद सांगतो. ५७ म्हणजे २३० किलो, ६६ म्हणजे ३०० किलो. हवा मात्र स्टिकरवर किंवा मॅन्युअलमध्ये असेल तीच. त्यात ‘एकटा’ आणि ‘दोघं’ असे वेगवेगळे आकडे असतात. पंपावरचा मुलगा सगळ्यांना एकच हवा भरतो. त्याला थांबवून सांगावं लागतं.

पाय पुढे, भार कमरेवर

आता तो बुलेट-क्रूझरचा फरक. साध्या बाइकवर पाय गुडघ्याखाली असतात. खड्डा आला की आपण नकळत मांड्यांवर जोर देऊन अंग थोडं उचलतो. क्रूझरवर पाय पुढे. उचलणार कसे? सगळं धड माकडहाडावर. साठ किलोच्या माणसाला हे आरामशीर वाटतं. शंभरच्या पुढच्या माणसाला पहिले वीस मिनिटं आरामशीर वाटतं, मग कंबर हिशेब मागते.

म्हणून पाच मिनिटांची टेस्ट राइड आपल्या उपयोगाची नाही. मी अर्धा तास मागितला. ‘साहेब, पेट्रोल टाकून देतो,’ म्हटल्यावर मिळाला. बाबा पेट्रोल पंप ते चिकलठाणा, सगळे सिग्नल खात गेलो आणि आलो. तीन गोष्टी बघितल्या. वळताना हँडल पोटाला किंवा गुडघ्याला लागतंय का? सीटचा मागचा उंचवटा कमरेला आधार देतोय की मला टाकीवर ढकलतोय? आणि उतरल्यावर मी सरळ चालतोय का? तिसऱ्या परीक्षेत दोन गाड्या नापास झाल्या.

उंच आणि रुंद हे दोन वेगळे प्रश्न आहेत बरं का. उंच माणसाला सीट ते फूटपेग अंतर हवं, रुंद माणसाला सीटची रुंदी आणि मजबूत स्प्रिंग. तुम्ही दोन्ही असाल, तर माझ्या क्लबमध्ये स्वागत आहे.

दम हवा, स्पीड नको

खरं सांगू? क्रूझरसाठी आपल्या शहराजवळचा बेस्ट रस्ता म्हणजे समृद्धी महामार्ग. सरळ, गुळगुळीत, क्षितिजापर्यंत. आणि तिथे दुचाकीला बंदी! म्हणजे आपलं खरं आयुष्य जालना रोडचे सिग्नल, बीड बायपास आणि रविवारी दौलताबादमार्गे वेरूळ. किल्ल्याच्या तटबंदीतून जाणारा अरुंद रस्ता, पुढे खुलताबादचा चढ, मूड असेल तर म्हैसमाळ. इथे १३० ची टॉप स्पीड कुणाला हवीय? हवा आहे तो कमी आरपीएमवरचा टॉर्क, म्हणजे चढावर मागे माणूस असताना सतत गिअर पाडावा लागणार नाही असा दम.

रॉयल एनफील्ड मेटिऑर ३५० चा टॉर्क २७ न्यूटन-मीटर, तोही ४००० आरपीएमला. बजाज अॅव्हेंजर २२० चा साधारण साडेसतरा, पण ७००० ला. कागदावर दोघींची पॉवर जवळपास सारखी, वीस हॉर्सपॉवरच्या आगेमागे. शंभर किलोच्या माणसाला खुलताबादच्या चढावर मात्र दोघी सारख्या वाटत नाहीत.

थांबणार कशी?

हा भाग जरा सीरियसली वाचा. गाडी १९० किलोची धरा. साठ किलोचा स्वार बसला की एकूण २५०. मी सरंजाम न धरता बसलो तरी जवळपास ३००. म्हणजे त्याच स्पीडला ब्रेकला २० टक्के जास्त ऊर्जा जिरवायची आहे. मागे आई बसली की आणखी. क्रांती चौकात समोरची रिक्षा अचानक उजवीकडे वळते (वळतेच!), तेव्हा ‘शोभते किती’ हा प्रश्न कुणालाच आठवत नाही.

म्हणून ड्युअल चॅनेल एबीएसला माझ्या यादीत सूट नाही. २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या बाइकला एबीएस सक्तीचं आहे, पण नियम सिंगल चॅनेलवरही भागतो. मेटिऑरला ड्युअल आहे, अॅव्हेंजरला सिंगल. विचारून घ्या.

थोडक्यात यादी

अॅव्हेंजर: बजाजनं कावासाकीसोबत २००१ मध्ये एलिमिनेटर आणली, २००५ मध्ये त्यातूनच अॅव्हेंजर निघाली आणि ‘फील लाइक गॉड’ म्हणत कॉलेजच्या पोरांना वेड लावलं. २२० क्रूझ १६३ किलोची, सीट ७३७ मिलिमीटरवर. हलकी, ओळखीच्या कुठल्याही गॅरेजला जमणारी. सेकंड हँड घ्यायची असेल, तर मागचे शॉक आधी बघा. बुटक्या पण वजनदार दोस्तांना मस्त.

मेटिऑर ३५०: २०२० मध्ये थंडरबर्डच्या जागी आली. १९१ किलो, सीट ७६५ मिलिमीटर. पाय पुढे आहेत, पण फार नाहीत. आपल्यासारख्यांची पहिली क्रूझर म्हणून सर्वांत समंजस.

सुपर मेटिऑर ६५०: टॉर्क ५२, सीट ७४० मिलिमीटर, पण गाडीच २४१ किलोची. रस्त्यावर राणी. अपार्टमेंटच्या उतरत्या पार्किंगमधून उलटी ढकलताना मात्र रिव्हर्स गिअर नसल्याची आठवण येते. पहिलीच गाडी असेल तर घाई नको. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या बाइकवर जीएसटी १८ टक्के झाला आणि त्यावरच्यांवर ४०. ईएमआय काढताना हे जाणवतं.

जावा पेराक, ४२ बॉबर: दिसायला कातिल. सिंगल सीट. आई, बायको, मैत्रीण, कुणालाच जागा नाही. निर्णय तुमचा.

आणि मी काय घेतलं? ते सांगणार नाही! सांगितलं की तुम्ही तीच घ्याल. माझा आकडा १७२ आहे, तुमचा वेगळा असेल. आमचे गॅरेजवाले उस्ताद म्हणतात तसं, ‘मियाँ, गाडी लोगां को दिखाने कू नै, अपने कू उठाने कू लेना.’

शनिवारचा होमवर्क

बजेटमधले काही हजार बाजूला काढा, गिअरसाठी. आयएसआय मार्कचं हेल्मेट घ्यायच्या आधी टेपनं डोक्याचा घेर मोजा. आपल्यातल्या बऱ्याच जणांना ६०० किंवा ६२० मिलिमीटरचं लागतं आणि दुकानात तो साइज पहिला संपतो. जॅकेट उभं राहून नाही, बसून घालून बघा. बसल्यावर चेन पोटाशी अडली तर मोठं मागवा. उघड्या जॅकेटनं रस्त्यावर पडलात तर त्याचा उपयोग शून्य.

मग काटा, मॅन्युअल, अर्ध्या तासाची राइड, त्यात पाच मिनिटं मागच्या सीटवर घरातलं कुणीतरी. एका बाजूला पाय सोडून बसणाऱ्या आईला बसता येतंय का, पकडायला काय आहे, साडी गार्ड आहे का, हे तीच सांगेल. फोनवरचा रिव्ह्यू नाही सांगणार.

आणि ‘शोभेल का?’ असं कुणी विचारलंच, तर त्याला प्रेमानं सांगा, ‘बस मागे, दाखवतो. पण आधी वजन सांग!’